ॲपकडे पट्टी मागा

रविवार, पहाटेचे साडेतीन. मार्केट यार्ड शनिवारी बंद असतं, त्यामुळे रविवारी आवक जास्त. कांदा-बटाटा विभागात ट्रकमागे ट्रक लागलेले. मी गाळ्याच्या कडेला गोण्यांवर बसलोय, एका कानात हेडफोन, हातात मोबाईल. मोबाईलवर ‘डेटा ॲनालिटिक्स’च्या कोर्सचा धडा क्रमांक एकोणीस. हा धडा मी चौथ्यांदा बघतोय.

आमच्या गाळ्यावर तोलणार काका आहेत. वजनाचा आकडा मला सांगता सांगता त्यांनी विचारलं, “काय रे, अजून तेच चालूय का?”

“हो काका.”

“मग संपत का नाही?”

मी नुसता हसलो. काकांनी पुढची गोणी काट्यावर घेतली आणि म्हणाले, “बरं, संपत नाही तर सोडत का नाहीस?”

पहिल्या प्रश्नाची उत्तरं माझ्याकडे ढीगभर होती. दुसऱ्याचं एकही नव्हतं. हा लेख त्या दुसऱ्या प्रश्नाबद्दल आहे. ऑनलाइन शिकण्याच्या ॲपवर आपण टिकून का राहतो? आणि जे चाललंय त्याला ‘टिकून राहणं’ म्हणायचं की ‘अडकून राहणं’?

माझी ओळख थोडक्यात सांगतो. मी एका अडत्याच्या गाळ्यावर दिवाणजी आहे. शेतकऱ्याचा माल किती आला, काय भावाने गेला, कापलं काय, हातात किती पडले, हे लिहून त्याला पट्टी देणं हे माझं काम. पहाटे तीनला सुरू होतं, दुपारी अकरा-बाराला संपतं. बी.कॉम. झालंय. मोबाईलमध्ये शिकण्याची पाच ॲप आहेत आणि अर्धवट सोडलेले चौदा कोर्स. तुमचा आकडा वेगळा असेल, पण शून्य नसेल. पैज लावतो.

या प्रश्नाला बाजारात दोन तयार उत्तरं मिळतात. दोन्ही मला मान्य नाहीत.

पहिलं उत्तर अभ्यासकांचं आणि कंपन्यांचं. २००१ साली अनोल भट्टाचार्जी या संशोधकाचा एक निबंध ‘एमआयएस क्वार्टर्ली’ या नियतकालिकात आला. माणूस एखादी संगणकीय सेवा एकदा वापरून पाहतो, पण पुढे वापरत का राहतो, हा त्यातला प्रश्न. उत्तर साधारण असं: वापरण्याआधी तुमच्या काही अपेक्षा असतात. त्या पुऱ्या झाल्या की तुम्ही समाधानी होता. समाधान वाटलं आणि सेवा उपयोगाची वाटली, की तुम्ही वापरत राहता. हे त्यांनी तपासलं होतं ऑनलाइन बँकिंगच्या ग्राहकांवर. पुढे हाच साचा ऑनलाइन शिक्षणाच्या अभ्यासांनीही उचलला. कंपन्यांना तो आवडणारच. कारण त्याचा सोयीचा अर्थ असा काढता येतो की लोक परत येतायत, म्हणजे लोक खूश आहेत.

दुसरं उत्तर काका-मामांचं. “आजकालच्या पोरांना चिकाटी नाही. नुसतं डाउनलोड करतात, पुरं काही करत नाहीत.” याला आकड्यांचा आधारही आहे. एमआयटी आणि हार्वर्ड या विद्यापीठांनी २०१२ साली सुरू केलेल्या ‘एडएक्स’वर या दोन विद्यापीठांचे जे कोर्स होते, त्यांची सहा वर्षांची माहिती जस्टिन राइख आणि होसे रुइपेरेझ-व्हॅलिएंटे यांनी तपासली आणि २०१९च्या जानेवारीत ‘सायन्स’मध्ये छापली. ५६ लाखांहून जास्त विद्यार्थ्यांची माहिती. २०१७-१८ मध्ये नाव नोंदवणाऱ्यांपैकी कोर्स पुरा करणारे होते ३.१३ टक्के. निम्म्याहून जास्त जणांनी नाव नोंदवून कोर्स उघडलाच नव्हता. आणि बहुतेक जण पहिल्या वर्षानंतर परतलेच नाहीत.

आता गंमत बघा. याच अभ्यासात आणखी एक आकडा आहे, तो काका-मामा सांगत नाहीत. ज्यांनी प्रमाणपत्रासाठी पैसे भरले होते, त्यांच्यात पुरा करणारे ४६ टक्के होते. माणसं तीच, कोर्स तोच, व्हिडिओ तेच. मग चिकाटी कुठून आली? पैसे भरण्याइतकी गरज आणि ऐपत ज्यांच्याकडे होती, तेच या गटात आले, हे तर आहेच. म्हणजे प्रश्न स्वभावाचा कमी आणि परिस्थितीचा जास्त आहे. चिकाटीवर व्याख्यान देणाऱ्यांनी आधी हा आकडा वाचावा. आणि चिकाटी बघायचीच असेल तर पहाटे चारला पन्नास किलोची गोणी पाठीवर घेऊन ट्रकमधून उतरणाऱ्याची बघावी. मग त्याच्या पोराला सांगावं, की तुझ्यात चिकाटी नाही.

माझ्या आसपास दिसतं ते या दोन्ही उत्तरांत बसत नाही. आम्ही समाधानी नाही. आम्ही कोर्स पुरेही करत नाही. तरी जातही नाही. एक कोर्स सुटतो, दुसरा घेतो. एक ॲप काढतो, दुसरं टाकतो. कोर्स सुटतो, शिकायचं ॲप सुटत नाही.

याचं उत्तर मला निबंधांपेक्षा गाळ्यावर जास्त नीट सापडलं.

शेतकरी वर्षानुवर्षं एकाच अडत्याकडे माल का आणतो? समोर रांगेने गाळे आहेत. शेजारचा दोन रुपये जास्त देईलही. तरी गाडी त्याच दारात लागते. त्याला विचारलं तर तो ‘समाधान’ हा शब्द वापरणार नाही. काही जण म्हणतील, भरवसा आहे, हिशोब चोख आहे. ते खरंच असतं. पण बऱ्याचदा खरं कारण वेगळं असतं, आणि त्याला बाजारात एक शब्द आहे: उचल. पेरणीच्या वेळी, लग्नाच्या वेळी, दवाखान्याच्या वेळी अडत्याकडून आगाऊ पैसे घेतलेले असतात. ते फिटेपर्यंत माल त्याच दारात. फिटत आले की पुन्हा गरज लागते. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, काय निष्ठावान गिऱ्हाईक आहे! पट्टी लिहिणाऱ्याला माहीत असतं, की निष्ठेच्या रकान्याआधी ‘उचल वजा’चा रकाना येतो.

माझं म्हणणं एवढंच आहे: शिकण्याच्या ॲपवर आपण टिकतो ते समाधानावर कमी आणि उचलीवर जास्त. आपल्यावर तीन प्रकारची उचल आहे.

पहिली उचल पैशाची. तीन वर्षांपूर्वी मी तो डेटा ॲनालिटिक्सचा कोर्स घेतला. किंमत ३६,००० रुपये. माझा पगार तेव्हा १४,०००. फोनवरची मॅडम मला ‘सर’ म्हणत होती. मला गाळ्यावर कोणी सर म्हणत नाही. ती म्हणाली, “सर, दिवसाला शंभर रुपये पण नाही पडत. आणि ऑफर आज रात्री बारापर्यंतच आहे.” मी ‘ओके’ दाबलं. पुढच्या महिन्यात खात्यातून ३,००० गेल्यावर कळलं, की तो फीचा हप्ता नव्हता, माझ्या नावावर निघालेल्या कर्जाचा हप्ता होता. कोर्स सोडला तरी कर्ज सुटणार नव्हतं. मग काय करणार? बघत राहिलो. गेलेले पैसे वसूल करायला आपण आणखी वेळ घालतो, आणि तो वेळ कंपनीच्या हिशोबात आपली ‘आवड’ म्हणून जमा होतो.

मी एकटाच मूर्ख, असं बरेच महिने वाटलं. मग कळलं, की डिसेंबर २०२१ मध्ये केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने पालकांसाठी या कंपन्यांबद्दल जाहीर सूचनापत्रक काढलं होतं. मोफत सेवेच्या आडून खात्यातून आपोआप पैसे वळते करायची परवानगी घेतली जाते आणि त्यात विशेषतः अडचणीतली कुटुंबं हेरली जातात, असं सरकारनेच त्यात लिहिलं होतं. म्हणजे माझ्या आधीच माझी गोष्ट सरकारी कागदावर आली होती. गाळ्यावर मात्र तो कागद पोचला नव्हता. नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑनलाइन फसवेगिरीचे तेरा प्रकार नावानिशी सांगून त्यांना मनाई केली. खोटी घाई लावणं, गिऱ्हाइकाला लाजवणं, वर्गणीतून बाहेर पडणं अवघड करून ठेवणं, हे सगळं त्या यादीत आहे. “ऑफर रात्री बारापर्यंत” पुन्हा ऐकलंत, तर ही यादी आठवा.

दुसरी उचल आशेची. ही जास्त खोल आहे. ॲप काढून टाकलं तर फोनमधली जागा मोकळी होते, पण ‘मी शिकतोय’ हे वाक्यही जातं. आमच्यासारख्या घरांत हे वाक्य फार कामाचं आहे. पाहुणे विचारतात, “सध्या काय करतोस?” ‘गाळ्यावर आहे’ एवढंच सांगितलं की चेहरा पडतो. ‘गाळ्यावर आहे, पण कोर्स चालू आहे’ म्हटलं की आईच्याही जिवाला बरं वाटतं. त्या ‘पण’साठी मी वर्षाला किती पैसे मोजतो याचा हिशोब मी कधी केला नव्हता. शास्त्री रोडच्या अभ्यासिकांत वर्षानुवर्षं बसणारी माझ्या वयाची पोरं हेच वाक्य बोलतात. त्यांना निदान खुर्ची आणि शेजारी असतो. आमच्याकडे फक्त पडदा आहे.

ही आशा चालू ठेवायची कला ॲपला नेमकी येते. माझ्या इंग्रजीच्या ॲपवर १४२ दिवसांची साखळी झाली होती. रोज पाच मिनिटं. एका रात्री ताप होता, तरी साखळी तुटू नये म्हणून मी उठून पाच वाक्यं जुळवली. दुसऱ्या दिवशी गाळ्यावर दक्षिणेतला एक व्यापारी इंग्रजीत भाव विचारत होता आणि मी शेजारच्या पोराला हाक मारली. १४२ दिवस मी इंग्रजी शिकत नव्हतो, साखळी राखत होतो.

तिसरी उचल सक्तीची. ही कॉलेजवाल्यांना माहीत असेल. केंद्र सरकारचं ‘स्वयम्’ जुलै २०१७ मध्ये सुरू झालं. कोर्स मोफत, प्रमाणपत्राच्या परीक्षेला फी. २०२१च्या नियमांनुसार विद्यापीठं एका सत्रातल्या चाळीस टक्क्यांपर्यंत विषयांना ‘स्वयम्’चे कोर्स ग्राह्य धरू शकतात. कल्पना चांगली आहे. पण माझा धाकटा भाऊ हे कसं करतो ते मी बघतो. व्हिडिओ दुप्पट वेगाने लावायचा, फोन उशाखाली ठेवायचा, गटावर आलेली उत्तरं भरायची. आकड्यात तो नियमित विद्यार्थी आहे. व्हिडिओ ‘पाहिला’ गेलाय, फक्त त्याने नाही पाहिला.

आता दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर ही नुसती रड होईल.

या पडद्याने मला काहीच दिलं नाही, असं नाही. गाळ्यावर महिनाअखेरचा हिशोब लावायला मला तीन रात्री लागायच्या. एकदा वैतागून यूट्यूबवर शोधलं. कुणीतरी मास्तर, साध्या मराठीत, एक्सेलमधलं ‘पिव्होट टेबल’ शिकवत होते. दोन संध्याकाळी लागल्या. एकच जागा नऊ वेळा मागे नेऊन पाहिली. वर्गात नऊ वेळा तोच प्रश्न विचारला असता तर? शाळेत दोनदा विचारल्यावर काय ऐकावं लागायचं ते मला आठवतं. पडदा वैतागत नाही, जात विचारत नाही, कपडे बघत नाही, आणि पहाटे साडेतीनलाही उघडा असतो. फूलबाजारात आईबरोबर बसणारी एक मुलगी नर्सिंगला आहे. औषधाच्या मात्रेची गणितं ती शेवंतीच्या ढिगाआड बसून व्हिडिओवर शिकली. तिला कुणी सांगावं, की हे सगळं थोतांड आहे?

पण या दोन्ही गोष्टींत एक साम्य आहे. आम्हा दोघांना नेमकं काय हवंय ते माहीत होतं. ते मिळालं आणि आम्ही उठलो. मी त्या मास्तरांच्या चॅनेलवर पुन्हा गेलो नाही. कंपनीच्या भाषेत मी ‘गळालेला’ प्रेक्षक. माझ्या भाषेत, जे शिकायला गेलो ते शिकून आलेला विद्यार्थी.

इथेच माझं खरं भांडण आहे. चांगल्या मास्तरचं यश कशात? पोरगं शिकून वर्गाबाहेर पडतं त्यात. वर्गणीवर चालणाऱ्या ॲपचं यश कशात? पोरगं उद्या परत येतं त्यात. शिकणं आणि वापरत राहणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि कधीकधी एकमेकींच्या विरुद्ध जातात. म्हणून ‘लोक वापरत राहतात’ हा आकडा कुणी छाती फुगवून सांगितला, की मला विचारावंसं वाटतं: राहतात कशाला? शिकून गेले का नाहीत?

यावर कुणी म्हणेल, मग काय, पुन्हा सगळ्यांनी वर्गात जायचं? पहाटे तीनला कामावर जाणाऱ्यासाठी कुठला वर्ग उघडा असतो?

प्रश्न रास्त आहे. पण तो याच शहराने फार पूर्वी सोडवायला घेतला होता. इथून जवळच गंज पेठेत जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांचं घर आहे. १८५५ साली त्यांनी दिवसभर राबणाऱ्या शेतकरी-मजुरांसाठी रात्रीची शाळा काढली. कामकऱ्यांच्या वेळेप्रमाणे शाळा बदलली, शाळेच्या वेळेप्रमाणे कामकरी बदलायला लावले नाहीत. १९८९ मध्ये नाशिकला यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ झालं. ब्रीदवाक्यच ‘ज्ञानगंगा घरोघरी’. पुस्तकं घरी यायची, पण गावोगाव अभ्यासकेंद्रंही होती, जिथे जाऊन कुणाला तरी विचारता यायचं. आणि मार्केट यार्डाला शिकवण्याची गरज नाही असं एक उदाहरण म्हणजे हमाल पंचायतीची ‘कष्टाची भाकर’. बाबा आढावांच्या पुढाकाराने १९७४ साली सुरू झाली. कष्टकऱ्याला त्याच्या कामाच्या जागेजवळ, त्याच्या वेळेला, त्याला परवडेल असं ताजं जेवण. भूक लागलेल्या माणसाला कुणी ‘तुझ्यात चिकाटी नाही’ असं म्हटलं नाही, ताट वाढलं.

या तिन्ही ठिकाणी दुसऱ्या टोकाला माणूस आहे. तुम्ही चार दिवस आला नाहीत तर ‘काय रे, बरा आहेस ना?’ असं विचारणारा. ॲपही विचारतं, ‘आम्हाला तुमची आठवण येते.’ पण तुम्हाला आणि मला ठाऊक आहे, की ती आठवण कुणालाच आलेली नसते.

म्हणून माझ्या मागण्या मोठ्या नाहीत.

बाजार समिती इथे होणाऱ्या व्यवहारावर शुल्क घेते. त्या पैशातून यार्डात एक अभ्यासिका हवी. दुपारी बारा ते रात्री आठ उघडी, कारण आमचा दिवस तेव्हा मोकळा होतो. वीस खुर्च्या, चार संगणक, वायफाय, आणि एक माणूस, जो विषय शिकवेलच असं नाही, पण ‘धडा एकोणीसवर का अडलास?’ एवढं विचारेल. व्हिडिओ मोफत आहेत, ‘स्वयम्’ आहे, यूट्यूबवर मराठीत मास्तर आहेत. कमतरता व्हिडिओची नाही, खुर्चीची आणि माणसाची आहे. विद्यापीठांनी ‘स्वयम्’चे गुण द्यावेत, पण त्या विषयावर आठवड्याला एक तास समोरासमोर बसवावं. आणि कंपन्यांसाठी एकच: जितक्या दाबांत आत घेता, तितक्याच दाबांत बाहेर सोडा.

तुमच्यासाठीही एक मागणी आहे. शेतकरी माल टाकून तसाच घरी जात नाही, पट्टी घेऊन जातो. किती आणलं, काय भाव लागला, काय कापलं, हातात काय पडलं. कच्च्या कागदावर का होईना, हिशोब असतो. आपण मात्र रोजचा तास-दोन तास ॲपच्या दारात टाकतो आणि पट्टी न घेता परततो. ॲप देतं ते बिल्ले आणि साखळ्या. त्यात हातात काय पडलं हा रकाना नसतो.

तर आज रात्री फोन घ्या आणि स्वतःच पट्टी लिहा. माझी ही अशी निघाली:

आवक: तीन वर्षं, साधारण रोज चाळीस मिनिटं.
रोख: ३६,००० रुपये, बारा हप्त्यांत.
धडे: चौसष्टपैकी एकोणीस.
कापलं: झोप, बऱ्याच रविवारच्या दुपारी, आणि ‘आपल्याला जमत नाही’ असा मनात बसलेला एक समज.
हातात पडलं: पिव्होट टेबल. तेही दुसरीकडून, फुकट.

पट्टी लिहून झाल्यावर मी चौदापैकी तेरा कोर्स काढून टाकले. एक ठेवला. तो संपवायला नाही, त्यातले चार धडे मला गाळ्याच्या कामाला खरंच लागणार आहेत म्हणून. ते झाले की तोही जाईल. कॉलेजातला एक मित्र याच कामात आहे. दर मंगळवारी दुपारी स्वारगेटला चहावर तो माझ्या शंका सोडवतो. मी गेलो नाही तर फोन करून शिव्या घालतो.

पुढच्या रविवारी काकांनी विचारलं, “सोडलंस का?”

“तेरा सोडले, काका. एक आहे.”

काकांनी काट्याकडे बघितलं, आकडा सांगितला, आणि म्हणाले, “बरं. तो कशाला ठेवलास ते तरी माहीत आहे ना?”

या वेळी माझ्याकडे उत्तर होतं.